हसणारं रान

पोस्टरवर माझ्या नावाआधी ‘शेतकरी कलावंत’ असं छापलेलं असतं. यातल्या पहिल्या शब्दावर गावाचा विश्वास नाही आणि दुसऱ्यावर घराचा. पण पोस्टर लागतात टेंभुर्णीच्या चौकात आणि आमचं गाव पडलं केमच्या पलीकडं. एवढं अंतर तुडवत येऊन खातरजमा करण्याइतका रिकामा माणूस आमच्याकडे अजून निपजलेला नाही. त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

प्रयोगाचं नाव ‘आमचं रान, आमची फजिती’. एकट्यानं करायचा. त्यात मी तलाठी करतो, सरपंचबाई करतो, सरपंचबाईंच्या सह्या करणारे त्यांचे यजमान करतो, एक बैल, एक गाभण शेळी आणि एक बिघडलेली पाण्याची मोटारही करतो. मोटार फार हुबेहूब होते असं लोक आवर्जून सांगतात. माणसांबद्दल कोणी काही बोलत नाही.

प्रयोगात मी धोतर नेसतो आणि पटका बांधतो. आमच्या गावात धोतर नेसलेला शेतकरी शेवटचा कधी दिसला ते मला आठवत नाही. आमचा शेतकरी ट्रॅक पॅन्ट घालतो आणि वर कुठल्यातरी निवडणुकीत मिळालेला टी-शर्ट. मी स्वतः रानात त्याच वेशात असतो. एकदा धोतर घरी विसरलं म्हणून तसाच स्टेजवर गेलो, तर पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मला माईकचा आवाज वाढवायला सांगितलं आणि कलाकार कधी येणार म्हणून विचारलं.

याआधी मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. समोरची माणसं झोपली तरी आपण बोलत राहायचं, ही कला मी तिथंच कमावली. 

मुलाखतींत मला हमखास विचारतात, शेती करून कला कशी सांभाळता? मी डोळे थोडे मिटून, ‘माती शिकवते’ असं म्हणतो. मातीनं मला काय शिकवलं ते सांगतो. बार्शीला प्रयोग रंगात आलेला असताना खिशातला फोन वाजला. माझा चुलतभाऊ यशपाल सांगत होता की आपला पाईप फुटलाय आणि सगळं पाणी त्याच्या कांद्यात शिरतंय. मी माईकसमोरच त्याला कॉक कुठं आहे ते सांगितलं, त्याला सापडेना, मग मी जे बोललो ते भर सभागृहात बोलण्यासारखं नव्हतं. लोक खुर्च्यांवरून घसरले. त्यांना वाटलं, प्रयोगातलंच आहे. पुढच्या प्रयोगात मी तोच फोन मुद्दाम बसवला, त्याच शिव्या नीट घोटून म्हटल्या. कोणी हसलं नाही. मी तो भाग काढून टाकला आणि यशपालचा कांदा त्याआधीच वाहून गेला होता.

माझी बायको राजश्री आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. घर तिच्या पगारावर चालतं, रान पावसाच्या मर्जीवर, आणि मी या दोहोंच्या मधून ये-जा करतो. राजश्रीनं माझा प्रयोग एकदाच पाहिला. पहिल्या रांगेत बसली होती, हाताची घडी घालून; लसीकरणाला रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांकडे पाहतात तशी माझ्याकडे पाहत होती. पूर्ण प्रयोगात ती हसली ती माझा पटका सुटून डोळ्यांवर आला तेव्हा. ते प्रयोगात नव्हतं.

या वर्षी शाळू झकास उठला होता. शाळू म्हणजे आमची थंडीतली ज्वारी. डोक्यावर गेलेली ताटं, मुठीएवढी कणसं. मागच्या वर्षीही असाच उठला होता. पण दाणा कोवळा असताना पाखरं येतात, आणि पाखरं आली तेव्हा मी धोतर नेसून बाहेरगावी ‘राखणदार’ नावाची नक्कल करत होतो. परत आलो तेव्हा कणसांच्या जागी नुसती बोंडकं उभी होती. 

त्यामुळे या वर्षी शाळू पोटरीत असतानाच, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच, राजश्रीनं विषय काढला. स्वर चढवला नाही, ती कधीच चढवत नाही. “या साली ज्वारी घरात आली तर रान तुमचं,” ती म्हणाली. “न्हाय आली तर यशपाल भाऊजींना वाट्यानं द्यायचं. मग तुमी कुटं हवं तितं मोटारीचा आवाज काढा.”

यशपाल शेजारच्याच बांधाला. त्याला आमच्या रानात ऊस लावायचा होता, हे त्यानं लपवलेलं नव्हतं. माणूस सरळ आहे. मी भेटलो की माझ्या प्रयोगांची चौकशी करायचा आणि खूप प्रयोग मिळोत असं मनापासून म्हणायचा.

अट मला गमतीची वाटली नाही, कारण त्यात एक गोम होती. मला बोलावतात ते मी शेतकरी आहे म्हणून. नुसता विनोद करणारा माणूस पुण्यात कुठल्याही कोपऱ्यावर मिळतो, माझ्यापेक्षा तरुण, आणि त्याला केस असतात. रान यशपालकडे गेलं की पोस्टरवरचा पहिला शब्द जाणार, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याची गरज उरणार नाही. मी एक धोतर बाळगणारा बेकार प्राध्यापक उरेन. थोडक्यात, ज्वारी गेली की सगळंच जाणार होतं.

आता चनबसप्पा. हे मूळचे अक्कलकोटकडचे, टेंभुर्णीजवळ हायवेला लागून ‘मायेचा मळा’ नावाचं त्यांचं पर्यटन केंद्र आहे. शहरातली मंडळी तिथं बैलगाडीत बसतात, विहिरीत डोकावतात आणि गावाकडची माया म्हणून ताटात जे पडेल ते खातात. थंडीत तिथं दर शनिवार-रविवारी हुरडा पार्टी असते, आणि हुरड्यानंतर मी असतो. 

यातली अडचण एव्हाना लक्षात आली असेल. शहरातली माणसं आणि पाखरं, दोघांचा मोसम एकच. दोघंही कोवळ्या दाण्यावर येतात, थव्यानं येतात आणि दुसऱ्याच्या रानाबद्दल दोघांनाही फार प्रेम असतं. मी चनबसप्पांच्या मळ्यात लोकांना हुरड्याचं महत्त्व सांगत असायचो तेव्हा माझ्या रानात भोरड्यांची पंगत बसलेली असणार होती. भोरडी म्हणजे साळुंकीची थंडीतली पाहुणी बहीण. एकटीदुकटी येत नाही, आभाळ काळं करून येते.

मी आधी चांगुणा आत्याकडे गेलो. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. साठी उलटली तरी आमच्या वस्तीवरच्या बायकांची टोळी तीच चालवते. कुणाच्या रानात कुणी खुरपायचं ते तीच ठरवते. हातात खुरपं आणि तोंडात त्याहून धारदार काहीतरी, अशी तिची ख्याती. तिला म्हटलं, शनिवार-रविवार माझ्या माळ्यावर चढून राखण करशील का? माळा म्हणजे रानाच्या मध्ये बांधलेलं लाकडी मचाण. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि पाखरांना हाळ्या द्यायच्या.

“तू तिकडं पटका बांधून नाचणार, आन् मी हितं पाखरांवर वरडायचं व्हय?” आत्या म्हणाली. “मला बी चार माणसं ऐकतील असं काय तरी दे की.”

मी ते हसण्यावारी नेलं. माझ्या धंद्यात माणसाला खरी मागणी ओळखू येत नाही.

मग मी भोंगा आणला. करमाळ्याच्या बाजारात मिळतो. बॅटरीवर चालतो, आत कार्ड असतं, त्यात आवाज भरलेला असतो आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच तेच ओरडतो. माझ्या भोंग्यात कुणीतरी माणूस ‘हाऽऽ हुर्र’ करत होता. पहिल्या दिवशी भोरड्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी विचार करून उडाल्या. मग त्या भोंग्यावरच बसून कणसं सोलू लागल्या. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, आवाज बदलत राहिला पाहिजे, पाखरू एका आवाजाला सरावतं. 

इथं माझ्यातला कलावंत जागा झाला. एकाच माणसाचे इतके वेगवेगळे आवाज, मध्येच बैल, मध्येच मोटार, हे कुणाकडे तयार होतं? सोलापूरच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मी ते कार्डात भरलं, भोंगा माळ्यावर बांधला आणि निश्चिंत मनानं टेंभुर्णीला गेलो. आपण नसतानाही आपला प्रयोग रानात चालू आहे, या कल्पनेनं मला वाटेत गाडीवर एकट्यालाच हसू आलं. कला आणि शेती यांचा समन्वय यापेक्षा निराळा काय असतो?

सोमवारी रानात जाऊन बसलो आणि निरीक्षण केलं. भोरड्या उडत होत्या, हे खरं. पण माझ्या बोलण्याला उडत नव्हत्या. सरपंचबाईंना नाही, बैलाला नाही. मोटारीलासुद्धा नाही, याचं मला वाईट वाटलं. रेकॉर्डिंगमध्ये सोलापूरचे प्रेक्षक हसले की त्या हसण्याच्या गडगडाटाला सगळा थवा भर्रकन उठायचा. जिथं प्रेक्षक गप्प होते, तिथं तो पुन्हा उतरायचा आणि पुढचा हशा येईपर्यंत सावकाश खायचा. तलाठ्याचा प्रवेश मी फार मेहनतीनं लिहिलेला आहे. त्या प्रवेशात माझ्या एका सरीतली कणसं साफ झाली. प्रयोगाचं इतकं परखड परीक्षण आजवर कोणी केलं नव्हतं.

उपाय उघड होता. मी केमच्या स्टुडिओवाल्याकडे गेलो. लग्नाचे व्हिडिओ करतो तो. त्याला सांगितलं, यातलं माझं बोलणं सगळं काढ आणि फक्त हसणं आणि टाळ्या ठेव. हशांच्या मध्ये थोडी शांतता सोड, म्हणजे पाखरं गाफील राहतील. त्यानं दोनदा विचारलं, बोलणं सगळंच काढायचं का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, तसं मला पण वाटत होतं.

आणि उपाय लागू पडला. शांत रान, वाऱ्यावर हलणारा शाळू, आणि एकदम शेकडो माणसं खदाखदा हसायची. भोरड्या अशा उधळायच्या की पार रेल्वेलाईन ओलांडून जायच्या. गावात मात्र बोलणं सुरू झालं. वाटेनं जाणारा नवखा माणूस थबकायचा, आपल्या कपड्यांकडे पाहायचा आणि भराभर पुढं जायचा. यशपालनं तक्रार केली की म्हैस पान्हा चोरते. दूध काढायला बसलं की पलीकडून कोणीतरी हसतं, आणि ती ते स्वतःवर घेते. गावात आमच्या शिवाराला ‘हसणारं रान’ असं नाव पडलं. 

त्या दिवसांत चांगुणा आत्याची टोळी यशपालच्या कांद्यात खुरपत होती, म्हणजे माझ्या बांधाला लागून. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझा अख्खा प्रयोग दिवसातून कितीतरी वेळा ऐकला होता. मग मी बोलणं काढलं आणि नुसता हशा राहिला. आता हशा ऐकला की त्याआधी काय होतं ते आठवतं, आणि आठवलेला शब्द तोंडातून बाहेर पडणारच. आत्याचं तसं झालं. शांतता झाली की खुरपता खुरपता ती सरपंचबाईंचं वाक्य टाकायची, आणि ते संपायला आणि भोंगा हसायला एकच गाठ पडायची. मग पुढचं. बायका तिच्याकडून पुढचं मागून घ्यायच्या. हळूहळू तिनं तलाठी बदलला, कारण तिला खऱ्या तलाठ्याची चाल माहीत होती. शेळीही बदलली, कारण माझी गाभण शेळी तिच्या मते गाभण नव्हती, तिला फक्त पोटदुखी होती.

मी बांधावरून जाताना हे पाहिलं आणि मला समाधान वाटलं. कला तळागाळात पोचते आहे, असं मी तेव्हा एका मुलाखतीत म्हटलंसुद्धा.

अशात एका शुक्रवारी चनबसप्पांचा फोन आला. त्यांच्या मळ्यातला हुरडा जून होऊन गेला होता, दाणा कडक. आणि रविवारी सोलापूरची दोन बसगाड्या भरून मंडळी यायची होती. “सर, पाहुण्यांला तुमच्याच रानात आणतो की,” ते म्हणाले. “शेतकऱ्याच्या रानात हुरडा, तितंच शेतकऱ्याचा प्रयोग. लई भारी होईल. लोकं खूश झाले तर पुढचा पूर्ण मोसम तुमालाच देतो, पुण्याच्या गाड्यांसकट.”

मी राजश्रीला विचारलं. तिनं विचारलं, किती कणसं जातील? मी म्हटलं, कडेची थोडी. भोरड्यांपेक्षा ती माणसं मोजून खातात. ती म्हणाली, बघा बुवा. राजश्रीचं ‘बघा बुवा’ हे परवानगीपेक्षा पंचनाम्याच्या जवळ असतं, पण मी परवानगी समजलो.

रविवारी सकाळी मी ट्रॅक पॅन्ट काढून स्वतःच्याच रानात धोतर नेसलो. यशपाल बांधावर आला होता. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि “दादा, कुणाचं लग्न?” असं विचारून गेला. आत्याची टोळी आगटीला होती. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा आर पेटवायचा, कणसं त्यात भाजायची आणि गरम गरम हातावर चोळून दाणे काढायचे, हे काम त्यांचं. राजश्रीला सुट्टी होती. ती चटणी आणि गूळ वाटत होती.

गाड्या आल्या. “बर्री, बर्री,” असं कानडीत या-या करत चनबसप्पांनी मंडळींना लिंबाखाली सतरंजीवर बसवलं. हुरडा झाला, लोक खूश झाले, लहान पोरांनी गूळ पायघड्यांसारखा सांडला. चनबसप्पांनी माझी ओळख करून दिली: हातात नांगर आणि ओठांत विनोद. मी नमस्कार केला. एका बाईंनी शेजारणीला म्हटलेलं मला ऐकू आलं, बघ किती ओरिजिनल आहेत.

मी सुरुवात केली. पहिलं वाक्य असं आहे: ‘मंडळी, आमच्या गावात तीन गोष्टी वेळेवर येत नाहीत.’ यानंतर मी थांबतो. थांबलो, आणि मागचं रान गडगडून हसलं.

भोंगा बंद करायचा राहिला होता. खरं म्हणजे राहिला नव्हता. सकाळपासून रेल्वेलाईनच्या तारांवर भोरड्यांचा थवा माळेसारखा बसलेला मला दिसत होता आणि भोंगा बंद करायची माझी हिंमत झाली नव्हती. माझा हिशोब असा की तो लांब आहे, इतकं ऐकू येणार नाही. वारा कुठल्या बाजूचा आहे हे शेतकऱ्याला कळतं. मला ते कळलं नव्हतं.

पाहुणे वळून रानाकडे पाहू लागले. मी पहिली गोष्ट सांगितली, दुसरी सांगितली, तिसरीला हशा यायला हवा होता. रान गप्प. पाहुणेही गप्प, कारण ते आता रानाची वाट पाहत होते. मी पुढचं वाक्य अर्धं म्हटलं आणि रान हसलं. मी घाई केली, रान थांबलं. मी थांबलो, रानानं टाळ्या वाजवल्या. माझेच प्रेक्षक, माझाच प्रयोग, आणि मी त्यात एकही ठेका पकडू शकत नव्हतो. घाम पटक्यातून डोळ्यांत उतरला. चनबसप्पा मोबाईलकडे पाहू लागले, म्हणजे मोसम हातचा चालला होता.

तेवढ्यात आगटीकडून सरपंचबाईंचा आवाज आला. “सही करायला ह्यांला पाठवलंय, पर ह्यांची सही अजून मीच करते की.” आणि ते वाक्य संपलं त्या क्षणी रान गडगडलं. पाहुणे हसून फुटले. आत्या धुरातच बसलेली, हातानं कणीस चोळत, मान वर न करता. तिनं दुसरं वाक्य टाकलं. पुन्हा रान हसलं, बरोब्बर तिथंच. तिला दोन आठवड्यांचा सराव होता. त्या हशाची खाच न् खाच तिला पाठ होती. लोक पाठ फिरवून तिच्याकडे तोंड करून बसले.

कुठल्याही कलावंतानं अशा वेळी करावं ते मी केलं. भोंगा बंद करायला धावलो. यंत्र बंद झालं की आत्याचा ठेका जाईल आणि मंडळी माझ्याकडे वळतील, असा माझा स्वच्छ हेतू होता. धोतर सावरत शाळूत घुसलो, माळ्यावर चढलो आणि बटण दाबलं.

रान शांत झालं. आणि त्याच शांततेची वाट पाहत बसल्यासारखा तारांवरचा थवा उठला.

माळ्यावरून तो कसा दिसतो ते सांगणं कठीण आहे. काळी चादर कोणीतरी झटकावी तसा एकदा वर गेला, वळला आणि खाली उतरू लागला. मी बटण पुन्हा दाबलं. भोंगा चालू झाला नाही. बॅटरीची वायर माझ्या धोतरात अडकून तुटली होती.

एका बाजूला लिंबाखाली माझा मोसम बसला होता, पाठ करून. दुसऱ्या बाजूला माझा शाळू. खाली उतरून धावत गेलो असतो तर प्रयोग कदाचित सावरला असता. पण भोरड्या आता टप्प्यात आल्या होत्या, आणि मला राजश्रीचा तो शांत आवाज आठवला. मी माळ्यावर टांगलेली गोफण घेतली. दगड भरला, फिरवली, सोडली. दगड यशपालच्या हद्दीत गेला. दुसरा सोडला. मग ओरडायला लागलो. काय ओरडलो ते मला सांगता यायचं नाही. भोरड्यांना बोललो, त्यांच्या मागच्या-पुढच्या पिढ्यांना बोललो, तलाठ्याला, लाईटवाल्यांना, धोतराला, स्वतःला. पटका काढून तोच गरगर फिरवला. थवा एका बाजूनं उठायचा आणि दुसऱ्या बाजूला बसायचा. मी तिकडे वळायचो. 

मध्ये श्वास घ्यायला थांबलो की लिंबाखालून हशा ऐकू यायचा. खरा हशा, शंभर माणसांचा, भोंग्यातला नव्हे. आत्या यंत्राशिवाय चालली होती. ती आता उभी राहिली होती, पदर खोचलेला, हातात जळकं धाट माईकसारखं. आणि त्या प्रत्येक हशाला माझ्या कडेचा थवा भर्रकन उठत होता. तिकडून ती उठवायची, मधून मी बसू देत नव्हतो. शेवटी भोरड्यांना कंटाळा आला. थवा वर चढला, रेल्वेलाईन ओलांडली आणि दिसेनासा झाला. ताटं हलायची थांबली. कणसं जागेवर होती.

मी खाली आलो तेव्हा पाहुणे गाड्यांत बसत होते. त्या ओरिजिनल म्हणणाऱ्या बाई आत्याबरोबर फोटो काढत होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तर त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि तिरका धरू नका म्हणाल्या.

चनबसप्पा चांगले गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेतलं, माझ्या प्रयोगाचं कौतुक केलं आणि मग आत्याचा नंबर मागितला. आत्यानं तो स्वतःच दिला. वर अटी सांगितल्या: गाडी दारात यायला पाहिजे, चहा स्टीलच्या पेल्यात पाहिजे, आणि धोतर नेसणार न्हाय. पोस्टरवर काय छापायचं असं चनबसप्पांनी विचारल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

“ह्याचं ते शेतकरी-बितकरी ऱ्हाऊ दे त्याला,” ती म्हणाली. “त्याला आता ते खरं करावं लागंल.”

तेव्हापासून शनिवार-रविवारी आत्या टेंभुर्णीला जाते. वस्तीवर तिच्या बोलण्यात ‘माझे प्रेक्षक’ हा शब्द वारंवार येतो. माझं लिखाण ती वापरते, पण तलाठ्याचा प्रवेश तिनं काढून टाकलाय. पाखरांची साक्ष असल्यामुळे मला वाद घालता आला नाही. मी माळ्यावर असतो. गोफणीचा दगड आता बहुतेक वेळा आमच्याच हद्दीत पडतो. यशपाल भेटला की प्रयोगांची चौकशी करत नाही. ऊस त्यानं त्याच्याच रानात लावला.

ज्वारी निघाली, मळणी झाली, पोती घरात आली. नव्या ज्वारीची पहिली भाकरी राजश्रीनं ताटात वाढली आणि समोर बसली. अट पुरी झाली होती; रान माझं राहिलं होतं. मला वाटलं आता ती काही बोलेल. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईतोवर. मी भाकरीचा तुकडा हातात धरून पाहत राहिलो. इतकं हसताना मी तिला लग्नापासून पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, काय झालं? तिला बोलता येईना. शेवटी म्हणाली, त्या दिवशी माळ्यावर तुमी त्या भोरड्यांला जे बोललात ते आठवलं. मी चटणी वाटायची सोडून बांधावर बसूनच ऐकत होते.

मी भाकरी खाली ठेवली आणि कागद शोधू लागलो. विचारलं, नक्की काय बोललो होतो मी?

“न्हाय सांगत,” राजश्री म्हणाली. “सांगितलं की बसवाल.”